मधुमालतीतली तीन अंडी

होळी होऊन आठवडा उलटला की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. पाण्याची टाकी धुण्यावरून भांडणं आणि बुलबुलांची घरटी. या वर्षी भांडणाला काही जोर नाही, कारण इमारतच पडणार आहे. पुनर्विकासाला सगळ्यांनी होकार दिलाय, पावसाळा संपला की घरं रिकामी करायची आहेत, मग टाकी कोण कशाला धुतंय! बुलबुलांना मात्र ही बातमी कुणी कळवलेली नाही. माझ्या बाल्कनीतल्या जाईच्या वेलात शिपाई बुलबुलांची जोडी काड्या आणू लागली, कोळ्याची जाळी आणू लागली, एकदा तर समोरच्यांच्या झाडूचा चांगला लांब हीर घेऊन आली. तो बसेना. तीनदा पडला, तीनदा उचलला. मी चहाचा कप हातात धरून, खुर्ची जरा मागे ओढून बघत बसले होते. घरात दुसरं कुणी नसल्याचा एक फायदा असतो, पक्षी बिचकत नाहीत.

त्याच मंगळवारी अविनाशचा मेसेज आला. ‘रविवारी अकराला येतो. सही कुठे करायची त्या पानांवर खुणा करून ठेव.’ अविनाश म्हणजे माझा पूर्वीचा नवरा. वेगळे होऊन आम्हाला पंधरा वर्षं झाली, पण या फ्लॅटच्या कागदावर अजून दोघांची नावं आहेत आणि इमारत पाडायला त्याचीही संमती लागते. मी ‘बरं’ एवढंच उत्तर पाठवलं. खुणा करायला पाच मिनिटं पुरली. बाकीचे पाच दिवस मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. अविनाशला एक वाक्य सांगायचं राहून गेलं आहे, आणि ते मी अठरा वर्षं राहू दिलं आहे.

ते वाक्य त्या एका उन्हाळ्यातलं आहे. तेव्हा मी चौतिशीत होते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते. विषय विचारला की नातेवाइकांना मी ‘पक्ष्यांवर’ एवढंच सांगायची. जास्त सांगितलं तर लोक ताटाकडे बघायला लागायचे. अंड्यातल्या बलकाभोवती एक अगदी पातळ आवरण असतं. नराचे शुक्राणू तिथवर पोचले की त्यांच्या अंगावरची प्रथिनं आणि त्या आवरणावरची प्रथिनं यांची ओळख पटावी लागते. पटली तर आवरणाला बारीकसं भोक पडतं आणि शुक्राणू आत जातो. नाही पटली तर तो तिथेच अडकून राहतो. गंमत अशी, की शरीरातली इतर बरीचशी प्रथिनं युगानुयुगं फारशी बदलत नाहीत आणि ही ओळख पटवणारी मात्र पुष्कळदा भराभर बदलतात. एका पूर्वजापासून दोन जाती फुटल्या तर त्यांचे डोळे, रक्त, स्नायू जवळपास सारखेच राहतील, पण इथे फरक पडत जाईल. तो फरक किती पडला आहे, हे मला दोन बुलबुलांमध्ये बघायचं होतं.

दोन्ही बुलबुल पुण्यात कुठेही दिसतात. एक लालबुड्या. काळपट डोकं, चुरगळल्यासारखा लहानसा तुरा, शेपटीखाली लाल. दुसरा शिपाई, टोकदार उंच तुरा आणि गालावर लाल ठिपका. एकाच घराण्यातले. एकाच झाडाची फळं खातात, एकाच तारेवर बसतात आणि जोडी मात्र आपापल्या जातीतच करतात.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, आवरणाच्या या प्रकाराला कुलूप आणि किल्ली म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. कुलूप एकदा केलं की तसंच राहतं. मी वर्गात सोसायटीच्या गेटचं उदाहरण देते. आमची आणि शेजारची सोसायटी एकाच बिल्डरनं एकाच वर्षी बांधली. सुरुवातीला दोन्हीकडे वॉचमनला नाव सांगितलं की वर जाता येई. मग आमच्याकडे चपला चोरीला गेल्या आणि वही आली. लोक वहीत वाटेल ते लिहून वर जायला लागले, तेव्हा फोन करून विचारणं आलं. आता अ‍ॅप आहे. शेजारी चपला गेल्या नाहीत, सायकली गेल्या, म्हणून तिकडे पास आला. येणारा नवी युक्ती काढतो, अडवणारा नवा नियम काढतो, आणि पंचवीस वर्षांत अशी वेळ आली आहे की तिकडे सहज आत जाणारा कुरिअरवाला आमच्या गेटवर उभा राहतो. कुणीच हे ठरवून केलेलं नाही. मुलं हसतात. मग पुढच्या बाकावरची एक विचारते, ‘‘मॅम, हे एक्झामला येणारे का?’’

तो उन्हाळा म्हणजे अविनाशनं केलेला टॉर्च. अंड्यात काही आहे का हे बघायला अंड्यामागे दिवा धरतात, पण बुलबुलाचं अंडं पेरूच्या कळीएवढं. साध्या टॉर्चचा उजेड सगळीकडे सांडायचा. अविनाश यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होता. म्हणाला, ‘‘चल, बुधवारात जाऊ.’’ बुधवार पेठेत एका बोळातल्या दुकानात त्यानं लहानसा पांढरा एलईडी मागितला. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, ‘‘कशाला हवाय?’’ अविनाश म्हणाला, ‘‘बुलबुलाच्या अंड्यात बघायला.’’ दुकानदार म्हणाला, ‘‘मग दोन न्या. पहिला तुम्ही जाळणार.’’ आणि पहिला अविनाशनं खरंच जाळला. दुसरा त्यानं काळ्या नळीत बसवला, नळीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची मऊ गोल चकती लावली, अंड्याला ओरखडा उठू नये म्हणून. तीन संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर हेच करत बसला होता. मला शुभेच्छापत्रं, गजरे वगैरे कधी मिळाले नाहीत. हा टॉर्च मिळाला, आणि तो अजून माझ्याकडे आहे, चालतो.

लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, ‘‘तुमचंही नॉर्मल आहे, यांचंही नॉर्मल आहे.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘कधी कधी कारण सापडत नाही.’’ मला ते ऐकून हसू आलं होतं. दोघांचं सगळं ठीक असूनही एकमेकांशी जमत नाही, हाच तर माझा प्रबंध होता. रिक्षात मी अविनाशला ते सांगितलंही. तो हसला नाही.

त्या वर्षी होळीला अविनाश कंपनीच्या कामानं तीन आठवडे चेन्नईत होता. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. धुळवडीच्या सकाळी खाली पोरांचा दंगा चालला होता आणि मी बाथरूममध्ये उभी राहून हातातल्या पट्टीवर आलेल्या दोन रेघा बघत होते. दुसरी फिकी होती, पण होती. मी अविनाशला फोन केला नाही. मला सांगताना त्याचा चेहरा बघायचा होता, एवढंच कारण. सात वर्षं वाट पाहिली होती, अजून बारा दिवस पाहू म्हटलं. पुढचे आठ दिवस मी कुणालाही न सांगता घरात, रस्त्यावर, कोथरूडच्या बसमध्ये, वर्गात हिंडत होते आणि इतकी सोबत मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. नवव्या दिवशी सकाळी कॉलेजच्या बाथरूममध्ये सगळं संपलं. मी दहाचा तास घेतला. फळ्यावर आकृती काढली, ती चांगली आली होती हेसुद्धा आठवतं.

अविनाश आला तेव्हा चेन्नईहून माझ्यासाठी मोगऱ्याचं अत्तर घेऊन आला होता. सांगायचं तर आता फक्त गेल्याचं सांगायचं होतं. मी ठरवलं, उद्या सांगू.

त्याच सुमारास देवधरकाकांचा फोन आला. ते बी विंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे. ‘‘मॅडम, आमच्या मधुमालतीत आंतरजातीय विवाह झालेला आहे. आपलं खातं येऊन पाहून जाईल का?’’ मला वाटलं काका चेष्टा करतायत. जाऊन बघते तर वेलात घरटं, त्यावर शिपाई बुलबुल बसलेला, आणि चारा घेऊन आला तो लालबुड्या. मी तासभर ग्रिलला चिकटून उभी होते. पुन्हा तोच आला. सरांना फोन केला. सर म्हणाले, ‘‘पिंजऱ्यात होतं असं. मोकळ्यावर क्वचित. अंडी घातली तरी ती फळणार नाहीत असं धरून चाल. हात लावू नकोस, नोंद ठेव.’’ आम्हाला परवानगी होती ती फक्त पक्ष्यांनी सोडून दिलेल्या, न फुटलेल्या अंड्यांची. पक्षी बसलेला असताना अंड्याकडे बोट करायचंही नाही, असा सरांचा नियम.

तीन अंडी होती, गुलाबीसर, वर विटकरी शिंतोडे. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. बुलबुलाची पिल्लं तेरा-चौदा दिवसांत बाहेर येतात. एप्रिलचं ऊन चढत होतं, दुपारी ती शिपाई मादी (ती जास्त वेळ बसायची म्हणून आम्ही तिला मादी म्हणायचो; बुलबुलात नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात) चोच उघडी टाकून, पंख अर्धे पसरून अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. काकांनी ग्रिलवर ओलं गोणपाट टाकलं. मी कॉलेजातून परतताना रोज काकांच्या दारात थांबायची. ते दार उघडायचे आणि नुसता आकडा सांगायचे. ‘‘चौदा.’’ ‘‘पंधरा.’’ ‘‘सोळा.’’ सोळानंतर त्यांनी आकडा सांगायचं बंद केलं, नुसतं दार उघडायचे.

ती एकोणीस दिवस बसली. विसाव्या दिवशी घरट्यावर कुणी नव्हतं. नियमाप्रमाणे आणखी तीन दिवस थांबून मी अंडी उचलली, कापसात गुंडाळून डबीत घातली. काका म्हणाले, ‘‘बिचारीला कुणी सांगितलंच नाही, की फळणार नाहीत म्हणून.’’ आणि दार लावून घेतलं.

दुपारी मी आणि अविनाशनं आमच्या खोलीचे पडदे ओढले. त्यानं टॉर्च धरला, मी अंडं. उजेड एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं तसाच बाहेर आला. स्वच्छ नारिंगी. रक्ताची रेघ नाही, डाग नाही. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मी नोंदवहीत पेन्सिलनं लिहिलं, ‘तिन्ही न फळलेली’. अविनाशनं विचारलं, ‘‘म्हणजे काय झालं?’’

‘‘काहीच नाही. सुरूच झालं नाही.’’

तो टॉर्च बंद करत म्हणाला, ‘‘आपल्यासारखं.’’

खोलीत अंधार होता. मला बोलता आलं असतं. तीन आठवडे ‘उद्या’ म्हणत होते, त्याहून चांगली वेळ आली नसती. मी वही मिटली. तो पुढे म्हणाला, ‘‘माझ्यातच काहीतरी असणार. रिपोर्टमध्ये दिसत नसेल एवढंच.’’ तेव्हाही मी काही बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. तोवर घरात सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे असायच्या. आता निदान एका माणसानं दोष आपल्याकडे घेतला होता. तो दोष त्याचा नाही हे माहीत असलेली मी एकटीच होते. मी तो त्याच्याकडेच राहू दिला.

पुढच्या पंधरवड्यात लोणी काळभोरला गेले. आवरण काढायचा हात बसावा म्हणून कोंबडीची अंडी हवी होती आणि तिथे एक लहानशी हॅचरी होती. मंदाताई नावाच्या बाई तिथे पंचवीस वर्षं अंडी तपासत होत्या. उबवणीला लावलेल्या अंड्यांमागे दिवा धरायचा, आणि ज्यांतून उजेड आरपार जातो ती बाजूला काढायची. त्यांना हॅचरीत ‘क्लिअर’ म्हणतात. मंदाताई ती क्लिअर अंडी एका घमेल्यावर फोडत बसल्या होत्या. फोडायची, बघायची, टाकून द्यायची. वास असा, की पदर नाकाला लावूनही जात नव्हता. मी विचारलं, क्लिअर आहेत हे कळल्यावर फोडता कशाला?

‘‘कळलंय कुठं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘उजेडाला काय कळतंय म्याडम? त्यो समद्यातनं सारकाच जातोय. हे बगा.’’ त्यांनी एक अंडं फोडून हाताच्या पंजात घेतलं. ‘‘ह्यो टिपका बारीक हाय, घट्ट हाय. हे खरं कोरं. आन हे?’’ दुसरं फोडलं. बलकावरचा टिपका पसरट, कडेला फिकट कडं. ‘‘हे धरलं हुतं. मग सुटलं. दुसऱ्या दिवशी म्हना, तिसऱ्या दिवशी म्हना. बाह्येरनं दोनी सारकीच.’’

‘‘मग वहीत काय लिहितात?’’

‘‘साहेब क्लिअर लिवत्यात. क्लिअर लिवलं की दोष कोंबड्याचा. धरून सुटलं लिवलं की दोष मशीनचा. मशीन साहेबांचं हाय न्हवं?’’ त्या स्वतःच हसल्या, आणि हसता हसता विचारलं, ‘‘तुमाला किती पोरं?’’

‘‘नाहीत.’’

शहरातली बाई असती तर विषय बदलला असता. मंदाताईंनी आणखी एक अंडं फोडलं, बघितलं, टाकलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘धरलं हुतं का कदी?’’

मी ‘‘हो’’ म्हणाले. जगात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही अंड्यांच्या घमेल्यापाशी उकिडवं बसून, जिचं आडनावही मला माहीत नव्हतं अशा बाईला. त्यांनी हात पदराला पुसले. ‘‘मंग कोरं म्हनायचं न्हाई,’’ त्या म्हणाल्या, एवढंच. मला निघताना त्यांनी तीस अंडी मोजून दिली आणि बस किती वाजता आहे ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी ती तीन बुलबुलाची अंडी फोडली. उजेडावर विश्वास ठेवून मी ती तशीच फ्रिजमध्ये ठेवून दिली होती, प्रबंधाच्या घाईत ही चूक आम्ही सगळेच करायचो. बलकावरचं आवरण कापून काढायचं, मिठाच्या पाण्यात हलकेच धुवायचं, काचेवर पसरायचं आणि एक रंग घालायचा, ज्यानं शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली निळे चमकतात. अंडं किती का दिवसांचं असेना, आवरणात अडकलेले शुक्राणू तिथेच असतात. मी डोळा लावला. एखादा-दुसरा ठिपका दिसेल अशी अपेक्षा होती. सगळं क्षेत्र निळ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं. मध्यावर आवरणाला भोकं होती, एक नाही, कितीतरी. पक्ष्यांत एक शुक्राणू आत जाऊन भागत नाही, पुष्कळ जावे लागतात. तेवढे गेले होते. ओळख पटली होती. पंखावरून, तुऱ्यावरून, आमच्या सगळ्या पुस्तकांवरून ज्यांचं जमणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, त्यांचं त्या आवरणापाशी जमलं होतं. तीनपैकी दोन अंड्यांत तर पेशी वाढायलाही लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसाच्या आसपास थांबल्या. का थांबल्या ते सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.

ती शिपाई मादी एकोणीस दिवस उगीच बसली नव्हती, हे मला आधी देवधरकाकांना सांगावंसं वाटलं. सांगितलंही. काका म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलंत.’’

आमच्याकडे नोंदवहीचा एक नियम होता. चुकलेली नोंद खोडायची नाही, त्यावर रबर फिरवायचं नाही. तिच्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि शेजारी दोन सह्या, दुरुस्ती करणाऱ्याची आणि ती पाहणाऱ्याची. मी ‘तिन्ही न फळलेली’वरून रेघ मारली. वर लिहिलं, ‘दोन अंड्यांत सुरुवात झाली होती. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास थांबली.’ माझी सही केली. दुसरी सही सरांची लागणार होती, पण सर म्हणाले, एका घरट्यावरून काही सिद्ध होत नाही, ही जोडी प्रबंधात घेऊच नकोस. ते बरोबरच होतं. ती सही राहिली.

घरात अशी वही नव्हती. असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. तोंडी नोंदींवर रेघ मारता येत नाही, त्या दिवसेंदिवस नुसत्या पक्क्या होत जातात. अविनाश हळूहळू कमी बोलायला लागला. लहान मुलांच्या बारशांना जायचं टाळायला लागला, मग माझ्याकडे बघायचं टाळायला लागला. आपल्यामुळे हिचं आयुष्य अडलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं आणि ते काढून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. जितका उशीर झाला तितकं ते वाक्य जड होत गेलं, कारण आता त्यात उशिराचाही हिशोब द्यावा लागणार होता. तीन वर्षांनी तो म्हणाला, ‘‘तू मोकळी हो.’’ भांडण झालं नाही. पुण्यात लोक पार्किंगवरून जितकं भांडतात तितकंसुद्धा आम्ही भांडलो नाही.

पुढे त्यानं लग्न केलं. तिला आधीची मुलगी होती, ती आता कॉलेजात आहे. त्याला स्वतःचं मूल झालं नाही. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत त्यानं स्वतःबद्दल जे ठरवलं, ते अजून तसंच असणार. मी एकटी राहिले त्याबद्दल माझी तक्रार नाही. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला की आपणच आपल्याला ‘आले’ म्हणायचं, याची सवय होते. मला सोसत नाही ती गोष्ट वेगळी आहे. ते आठ दिवस आठवायला दुसरं कुणीच नाही. देवधरकाका वारले, मंदाताई कुठे असतील कोण जाणे. मी गेले की ते आठ दिवस कधी झालेच नव्हते.

रविवारी अकराला दहा मिनिटं असताना फोनवर अ‍ॅप वाजलं. गेटवर कुणी आलं की ते विचारतं: पाहुणे, डिलिव्हरी की कामासाठी? अविनाश तिन्हीपैकी काहीच नव्हता. मी ‘पाहुणे’ दाबलं.

केस पांढरे झालेत त्याचे. चष्मा कपाळावर ढकलायची सवय तीच. त्यानं खुणा केलेल्या जागी भराभर सह्या केल्या, पानं नीट जुळवून मला दिली आणि चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या दारात उभा राहिला. घरटं तोवर पुरं झालं होतं, वाटीएवढं, रिकामं.

‘‘शिपाई ना?’’

‘‘हो.’’

‘‘पावसाळा संपायच्या आत उरकेल का यांचं? नाहीतर बिल्डर यायचा.’’

‘‘उरकेल.’’

मी आतून ती जुनी नोंदवही आणली. पान उघडून त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा खाली घेतला, वाचलं. कापलेली ओळ वाचली, वरची वाचली.

‘‘तू तर म्हणाली होतीस, सुरूच झालं नाही.’’

‘‘चुकीचं सांगितलं होतं.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला आणि वही परत द्यायला लागला. मी घेतली नाही.

‘‘अविनाश, आपलंही झालं होतं सुरू. तू त्या वर्षी चेन्नईत होतास ना, तेव्हा. धुळवडीच्या दिवशी कळलं. आठ दिवस होतं. नवव्या दिवशी गेलं. तू आल्यावर मी तुला सांगितलं नाही.’’

तो वहीकडेच बघत होता. बाहेर बुलबुल येऊन कठड्यावर बसला, आम्हाला बघून उडाला.

‘‘म्हणजे माझ्यात...’’

‘‘तुझ्यात काही नव्हतं. माझ्यातही नसेल. धरलं होतं, सुटलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. चुकलं माझं.’’

त्यानं हातातला कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, ‘‘आई शेवटपर्यंत मला सांगायची, डॉक्टर बदलून बघ म्हणून.’’ आणि मग, अगदी जुन्या आवाजात, ‘‘अठरा वर्षं म्हणजे जरा जास्तच झाली, नाही?’’

‘‘हो.’’

त्याचे डोळे भरले होते. माझेही. मी रागाची वाट पाहत होते, तो मला चालला असता. त्यानं पानावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या मोकळ्या जागेवर.

‘‘इथे कुणाची लागते?’’

‘‘पाहणाऱ्याची.’’

‘‘मी कुठे काय पाहिलं?’’

‘‘आत्ता पाहिलंस.’’

त्यानं खिशातलं पेन काढलं. मी म्हटलं, पेन नको, या वहीत पेन्सिल. दिली. तो माझ्याकडे पाठ करून कठड्यावर वही टेकवून काहीतरी लिहीत होता, एका सहीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. मग वही मिटून टेबलावर ठेवली, चपला घातल्या, ‘‘येतो’’ म्हणाला. पूर्वी कामावर जाताना म्हणायचा तसंच.

थोड्या वेळानं अ‍ॅप वाजलं, ‘आपले पाहुणे बाहेर पडले आहेत.’ मी दोन्ही कप विसळले. मग खुर्चीत बसून वही उघडली. मोकळ्या जागेत त्याची सही होती, तिरकी, शेवटी टिंब देण्याची त्याची पद्धत. सहीखाली तारीख लिहावी लागते. त्यानं आजची लिहिली नव्हती. ‘धुळवड’ लिहिलं होतं, आणि पुढे ते वर्ष.